गोल सह्यांचा अर्ज

सुवाच्य अक्षराच्या हौसेपायी मी एकदा एका पोरीला मस्कतहून घरी धाडायला निघाले होते. नातवंडांना शुद्धलेखन घालताना हे सांगत नाही, एवढी अक्कल आता आली आहे.

मस्कतजवळच्या माबेलातल्या एका लाँड्रीत मी कारकून होते. आतल्या हॉलमध्ये एकोणीस बायका हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करायच्या. ऐन जूनमध्ये तिथला एसी बंद पडला तो पडलाच. मी मात्र ऑफिसात शाल पांघरून बसलेली! एक बाई चक्कर येऊन मशीनपाशीच कोसळली, तेव्हा रत्नागिरीकडची एक चोवीस वर्षांची पोर पुढे झाली. बाई शुद्धीवर आल्यावर तिनं एसी दुरुस्तीसाठी हिंदीत अर्ज लिहिला, खाली ताटली उपडी ठेवून गोल काढला आणि त्याच्याभोवती सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

"मावशी, हा साहेबांना द्या. मी हिला दवाखान्यात नेऊन आणते."

कागद बघून मी कपाळाला हात लावला. अर्ज आहे का भोंडला? शाळेत सुलेखनाचं बक्षीस मिळवलेली बाई मी! कोरा कागद घेतला, समास आखला, एक ते एकोणीस आकडे घातले आणि पुन्हा सह्या घेत फिरले. दवाखान्यातल्या दोघींच्या मागाहून घेऊ म्हटलं. पहिलं नाव अर्थात त्या पोरीचं. मान तिचाच, नाही का?

एकजण म्हणाली, "पण ती गोलच म्हणाली होती."

"तिला काय कळतंय अर्जातलं!" मी.

साहेबांनी माझा अर्ज वाचला. "ये एक नंबर कौन है?"

मी ऐटीत नाव सांगितलं.

"इसका पासपोर्ट निकालो. कल का टिकट करो."

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. गोलात पहिली कुणीच नसते.

सगळ्यांचे पासपोर्ट माझ्याच कपाटात असायचे. मी किल्ली भोकात घातली. काचेतून पाहिलं, तर ती पोर दवाखान्यातून परत येऊन डोक्याला रुमाल बांधत होती. तिला बिचारीला काहीच ठाऊक नव्हतं.

मी पासपोर्ट काढला नाही. ड्रॉवरमधला गोल कागद काढला. दोन सह्यांमध्ये बोटभर फट होती, तिथं माझी सही खुपसली, जन्मातली सगळ्यात वेडीवाकडी. कागद साहेबांपुढे ठेवला.

"सर, वो गलत था. असली ये है."

त्यांनी कागद फिरवला, परत फिरवला. एक नंबर काही सापडेना.

"आप भी?"

"जी." माझे दात वाजत होते, आणि ते काही एसीमुळे नव्हे.

बाहेर हॉटेलची गाडी चादरींसाठी हॉर्न देत होती. वीस जणींना घालवून त्या कोण देणार होतं?

"खलास. जाओ." तिकडे 'खलास' म्हणजे विषय संपला.

एसीवाला चार दिवसांनी आला. तोवर साहेबांची बेल वाजली की मी कपाटाची किल्ली पदराआड लपवायचे, आता मागतात पासपोर्ट म्हणून. हॉल गार झाला, तेव्हा मी त्या पोरीपुढे दोन्ही कागद ठेवले आणि सगळं कबूल केलं. तिनं दोन्ही कागद शेजारी शेजारी लावून पाहिले. मग म्हणाली, "मावशी, अक्षर मोत्यासारखं आहे हो तुमचं. पुढच्या वेळी पाकिटावरचा पत्ता तेवढा लिहा."