कापसाला खळं नसतं

अमेरिकेत कुठंतरी लढाई जुंपली म्हणे, आणि आमच्या गावातली ज्वारी गेली. तिकडचा कापूस बंद झाला, आणि विलायतेला आता आमचा हवा होता. त्या साली जो तो कापूसच पेरत सुटला, आणि त्यांच्या पेरणीच्या तिफणी, बैलांच्या बंड्या सगळ्या माझ्या सासऱ्यांनीच, मामाजींनी, घडवल्या. आम्ही गावचे सुतार. मामाजींनी कामाचे पैसे कधी मागितले नाहीत. ज्वारी खळ्यावर मळून झाली की रास घरी नेण्याआधी सुताराचा वाटा काढायचा, ही रीत. पण कापसाला खळं नसतं. एवढी साधी गोष्ट गावात कुणाच्याच डोक्यात आली नाही, मामाजींच्याही नाही.

सुगीत मामाजी पोतं घेऊन पाटलाकडे गेले. मागे मी, कडेवर लेक. दारात कापसाचा ढीग आणि पाटील खुशीत.

"सुतारबुवा, ज्वारी कुठून देऊ? रोख घ्या, अमरावतीच्या बाजारातून पायजे ते आना. आता जमाना मोकळा हाय, तुमी बी मोकळे."

"मले मोकळं करू नोका," मामाजी म्हणाले. "पैसे घेतले तं माहा हक्क गेला. उद्या मी सुतार नाही, मजूर."

रिकामं पोतं घेऊन आम्ही परतलो. माझा नवरा आधीच अकोल्याला बंड्या दुरुस्त करायला गेला होता. त्याचा ना निरोप, ना पत्ता. लेक अंगावर पिणारी, आणि मला दूध येईनासं झालं होतं. ती धड रडायचीही नाही, नुसतं तोंड उघडायची. मी म्हटलं, कापूस वेचायला जाते. मामाजी उसळले, "सुताराची सून दुसऱ्याच्या वावरात? मंग हक्क राह्यला कुठं?" हक्क त्यांचा, मोकळीक पाटलाची. माझं काय, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. मी मनातल्या मनात दोघांनाही शिव्या घातल्या.

एकदा रिद्धपूरहून आलेला महानुभाव साधू ओट्यावर टेकला. म्हणाला, "माहं-तुहं सोडा, माय. झोळीत येते ते समद्यायनं वाटून खावं." मला पटलं, तिघांत तोच शहाणा वाटला. पण झोळी त्याचीही रिकामीच होती.

मग एका सकाळी पाटलीणबाईनं गड्याबरोबर सूपभर ज्वारी धाडली. "पोरीसाठी," गडी म्हणाला.

मामाजींनी सूप परत त्याच्या हातात दिलं. "खळ्यावर दे म्हना. दारात देल्ली ते भीक."

भूक त्यांनाही होतीच. मला त्यांची कीव आली आणि तेवढाच संतापही. गडी वळला तसा माझा जीव तुटला. सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर मी कधी ढळू दिला नव्हता. तो ओढून काढला, धावत गेले आणि भर रस्त्यात गड्यासमोर पसरला.

पाटलीणबाई पुढंही अधूनमधून धाडत राहिली. दूध परत आलं, लेक जगली. मामाजी मात्र त्या पिठाला शिवले नाहीत. रोज सकाळी उठून ते गावाबाहेरचं रिकामं खळं झाडायचे आणि तिथंच बसून राहायचे. होळीच्या आधी ते भुकेनंच गेले. तोवर मी रोज त्यांच्या वाटची भाकर झाकून ठेवायची, आणि सकाळी ती मीच खायची, कारण लेक अंगावर होती.