विहारातली पुढची जागा

ज्या पुरुषांना लघवी आवरत नाही, त्यांच्यासाठी वापरून टाकून द्यायचे पॅड बनवण्याचं काम मी करते. कारधा गावातल्या एका आजोबांना नमुना द्यायला गेले, तेव्हा नेमका शब्दच माझ्या तोंडून निघेना.

"मुताचं म्हण नं, माय. म्हाताऱ्याले कायची लाज?" ते हसून म्हणाले.

लाज तर त्यांनाच जास्त होती. बुद्धविहारात सर्वांच्या पुढे बसून वंदना घेणारे हे गृहस्थ हल्ली दारातच उभे राहत. अंगावर पांढरे कपडे, खाली पांढरी चादर. डाग पडला तर लपवणार कुठे?

पॅड लावून ते अंगणात ऐटीत चालले आणि पावलागणिक आतलं प्लास्टिक कुरकुरलं.

"हे तं बोलून राहिलं, माय! वंदना मी घेऊ का हेच घेते?"

मला इतकं हसू आलं! अनोळखी माणसासमोर मी एरवी अशी हसत नाही.

पॅडचा तो प्लास्टिकचा थर आम्ही बदलून कापडासारखा मऊ केला. पौर्णिमेला सकाळी मी विहारात गेले. आजोबा सरळ पुढे जाऊन मांडी घालून बसले. वंदना संपेपर्यंत माझाच जीव टांगणीला लागला होता. ते उठले. चादर कोरडी होती.

बाहेर आल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"दारात अजून दोघं उभे राहतात. त्यायच्यासाठीही आणजो. काहून उभे राहतात, ते मी विचारलं नाही. तूही नको विचारू."