गाण्यांमधला केर

आमच्या ह्यांनी तरुणपणी सात गाणी केली. शब्द त्यांचे, चाल त्यांची, गिटारही त्यांनीच वाजवलेली. तेव्हा संगमनेरला दूध संघात नोकरी होती आणि आम्ही दोन खोल्यांत राहायचो. एका दिवाळीच्या सुट्टीत ह्यांनी घरातल्या सगळ्या गाद्या भिंतींना टेकवल्या, पंखा बंद केला आणि टेपरेकॉर्डरसमोर मांडी घालून गाणी म्हटली. मी दाराबाहेर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला गप्प करत होते. पुढे त्याची कॅसेट निघाली. चार ओळखीच्यांनी घेतली, बाकीच्या माळ्यावर गेल्या. तुमची गाणी उंदरांना तेवढी पाठ झालीत, असं मी चिडवायचे. सावेडीत राहायला आलो तेव्हा त्या कॅसेट मीच भंगारवाल्याला दिल्या, मूळ टेप तेवढी ह्यांनी कपाटात लपवली. मला घरात अडगळ खपत नाही.

चुन्याची डबी मात्र कधी भंगारात गेली नाही. तंबाखूवरून मी जन्मभर भांडले. शेवटी घशाचा कॅन्सर निघाला आणि स्वरयंत्र काढावं लागलं. आता हे गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घेतात. त्यावर मी शिवलेलं सुती फडकं असतं आणि बोलायचं ते पाटीवर लिहितात. मला कीव येण्याआधी राग आला होता, तो अजून पुरता गेलेला नाही. पाटीवर लिहून होईपर्यंत थांबायचा धीरही माझ्यात नाही. भाजीवाला असो, डॉक्टर असो, ह्यांच्या वतीनं मीच उत्तर देऊन मोकळी होते.

गेल्या वर्षी पुण्याहून एका गृहस्थांचा फोन आला. कॉलेजात असताना त्यांनी ती कॅसेट मित्राकडे ऐकली होती, आता शोधूनही कुणाकडे मिळत नव्हती. त्या गाण्यांची आता रेकॉर्ड काढायची म्हणाले, जुन्या काळ्या तबकड्या असायच्या तशी. लोक पुन्हा हौसेनं घेतात म्हणे. ह्यांनी पाटीवर ‘हो’ लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच त्या दिवशी न सांगता दाढी केली. टेप आम्ही कुरियरनं पाठवली.

पुढचा फोन दुपारी आला. टेपला बुरशी लागली होती, एकदाच चालली आणि तुटली, पण गाणी कॉम्प्युटरवर उतरली होती. फक्त प्रत्येक ओळीआधी मोठा श्वास ऐकू येत होता. तो ठेवायचा की काढायचा, साहेबांना विचारून सांगा, असं त्यांचं म्हणणं होतं. साहेब आतल्या खोलीत जागेच होते.

“त्यांना काय विचारायचं? काढा की,” मी म्हणाले. “पाव्हणे यायच्या आधी केर काढतोच ना आपण.”

रेकॉर्ड घेऊन ते गृहस्थ स्वतः आले. वाजवायचं यंत्रही बरोबर आणलं होतं. पहिलं गाणं लागलं आणि माझे डोळे भरून आले, इतका आवाज स्वच्छ होता. हे मात्र पुढे झुकून, कान देऊन काहीतरी शोधत होते. दुसरं गाणं अर्ध्यावर आलं तशी त्यांनी पाटी उचलली.

‘माझा श्वास कुठाय?’

मी सांगितलं, खरं म्हणजे मिरवलंच, की तेवढा मी काढायला लावला. ह्यांनी गृहस्थांकडे पाहिलं. साफ केलेलीच फाइल ठेवली, आधीची पुसली, असं ते खाली मान घालून म्हणाले. मग हे लिहायला लागले. वेळ लागत होता. मी त्या दिवशी लिहून होईपर्यंत थांबले.

‘नाकातोंडानं घेतलेला तेवढाच उरला होता.’

मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. रेकॉर्ड चालूच होती. तिसऱ्या गाण्यात ओळीआधीची मोकळी जागा आली तसं ह्यांच्या गळ्यावरचं फडकं आत ओढलं गेलं आणि श्वासाची खरखर ऐकू आली. पुढच्या ओळीला पुन्हा तेच. शेवटच्या गाण्यापर्यंत त्यांची एकही जागा चुकली नाही.