हौशानं खाणं सोडलं

"मॅडम, ह्याला दुःख झालंय," बालाजी म्हणाला. "अप्पा गेले तवापासून उदास हाय. कालपासून तर वैरणीला तोंडच लावंना."

मी बैलाच्या डाव्या कुशीवर स्टेथोस्कोप टेकवून उभी होते. देवणीजवळच्या एका गावातला गोठा. त्या वेळी मी तालुक्याला पशुवैद्यकीय अधिकारी होते. बालाजीच्या वडिलांना, अप्पांना, मी चांगली ओळखत होते. साखरेच्या आजारानं त्यांचा आधी एक पाय गेला, मग किडन्या. शेवटची काही वर्षं ते डायलिसिससाठी लातूरच्या वाऱ्या करायचे आणि उरलेला वेळ गोठ्यातल्या खाटेवर पडून हौशाशी भांडायचे. हौशा म्हणजे हा बैल. पांढरं अंग, काळं तोंड, अस्सल देवणी जात. "माझ्यापेक्षा त्या बैलासंगं जास्त बोलतेत," अशी त्यांच्या बायकोची, म्हणजे काकूंची, जुनी तक्रार होती.

अप्पांचा तेरावा नुकताच झाला होता. बैल दुःखानं खात नाही ही बातमी गावभर झाली होती. दोघं-तिघं फोटो काढून गेले होते.

बैलाचं पोट म्हणजे मोठी टाकी. ती सतत घुसळत असते आणि स्टेथोस्कोप लावला की आतली गडगड ऐकू येते. हौशाची टाकी गप्प होती. मूठ दाबली की आत पाणी डुचमळत होतं. डोळे खोल गेलेले, कान गार, शेण पातळ आणि आंबट वासाचं.

"दुःख झालंही असेल," मी म्हणाले, "पण हे अॅसिडोसिस आहे. धान्य किंवा गोड एकदम जास्त पोटात गेलं की ते आंबतं, त्याचं अॅसिड होतं. ते रक्तात उतरलं की एवढा मोठा बैलही बघता बघता जातो. काय चारलं?"

"कडबा. नेहमीचाच."

"नुसत्या कडब्यानं हे होत नाही."

नांदेडहून आलेली अप्पांची लेक सुनंदा हळूच म्हणाली, "मी जरासा गूळ दिला."

"जरासा म्हणजे?"

"अर्धी ढेप. परवा आणि त्याच्या आदल्या दिवशी मिळून. अप्पा रोज चारायचे ना त्याला. त्यांची आठवण म्हणून."

बालाजीनं तिच्याकडं वळून पाहिलं. "तू बी?"

तोही रोज पहाटे गूळ देत होता, वर घमेलंभर धान्याचा भरडा. काकूंनी अप्पांच्या नावानं पुरणपोळीचं ताट ठेवलं होतं. भेटायला आलेल्या पाहुण्यांनीही आपापल्या परीनं हातभार लावला होता. कुणी पाहू नये म्हणून प्रत्येक जण गोठ्यात एकटाच यायचा. बैल तेवढा सगळ्यांना भेटत होता.

"म्हणजे आम्हीच मारत होतो का त्याला?" सुनंदानं विचारलं.

"अजून मेला नाही. पाणी तापवा आणि घरात असेल तेवढा खाण्याचा सोडा आणा."

नळीनं सोड्याचं पाणी पोटात सोडलं. सलाईनच्या बाटल्या गोठ्याच्या आढ्याला टांगल्या. बैल खाली बसला आणि मान टाकली. आता वाट पाहणं एवढंच हाती होतं. तेवढ्यात मला एक शंका आली.

"अप्पा ह्याला रोज किती गूळ चारायचे?"

"मुठीएवढं ढेकूळ," बालाजी म्हणाला. "माय त्यांच्या हातात आणून द्यायची. कितीक वर्षं. तवा काहीच झालं न्हाई."

काकूंनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं, रडताहेत. खांदे हलत होते. पाहिलं तर त्या हसत होत्या.

"ह्या बैलानं गूळ चाखला बी नव्हता कधी," त्या म्हणाल्या.

"मग?"

"तेच खायचे."

"दवाखान्यात गोड बंद केलं, तवापासून ह्यांना बैलाची लई माया आली. 'हौशाला गूळ आण,' म्हणायचे. मी पाठ फिरवली की स्वतःच्या तोंडात. उशीखाली मुंग्या व्हायच्या."

"माय, तुला ठाऊक होतं?" सुनंदा म्हणाली. "आणि तरी द्यायचीस?"

"न्हाई म्हणलं असतं तर पोराला फितवून मागवला असता. त्यापेक्षा मी रोज ढेकूळ जरासं लहान करत आणलं. शेवटी शेवटी सुपारीएवढं. एक दिवस म्हणाले, 'अगं, एवढ्यानं बैलाचं काय होतंय?' मी म्हणलं, बैलाला सांगा, ह्या वयात एवढंच झेपतंय."

बालाजी अप्पांच्या रिकाम्या खाटेवर बसला. आधी हसला, मग दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. सुनंदा त्याच्या शेजारी जाऊन बसली. काकू हौशाच्या अंगावरून हात फिरवत राहिल्या. "त्यांनी बदनाम केलं रे तुला," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बालाजीचा फोन आला. हौशा उठला होता आणि रवंथ करत होता. मी चार दिवस फक्त कडबा द्यायला सांगितलं आणि गोठ्याला कडी लावायला सांगितली, बैलासाठी नव्हे, पाहुण्यांसाठी.

जनावर काय खातं हे विचारून घेणं, त्याला आमच्याकडं हिस्टरी घेणं म्हणतात. नोकरी संपेपर्यंत मी त्यात एक पथ्य पाळलं. मालक जनावराला काय चारतो, हे मालकाला विचारायचं नाही. त्याच्या बायकोला विचारायचं, आणि तेही तो समोर नसताना.