मिरचीचं अंडं

"डाक्टर, कोंबडी तिखट खास का?"

कोंबडी तिखट खाते का, असं यमुनाअक्कांनी त्यांच्या अहिराणीत विचारलं तेव्हा माझ्या एका हातात सिरिंज होती आणि दुसऱ्या हातात त्यांचा फडफडणारा कोंबडा. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. साक्री तालुक्यात मी जनावरांचा डॉक्टर होतो आणि त्या दिवशी गावात राणीखेतची लस टोचत होतो. राणीखेत म्हणजे गावच्या भाषेत मानमोडी. कोंबडी मान वाकडी करते, गोल फिरते आणि मरते. लस थर्मासमध्ये बर्फावर ठेवावी लागते. बर्फ वितळायच्या आत गाव उरकायचं असतं, आणि अशा वेळी मला कुणी गप्पा मारलेल्या खपत नाहीत.

"का हो अक्का? कोंबड्यांना मटणाचं जेवण घालताय का?" मी म्हणालो.

एरवी गल्ली खो खो हसली असती. काखेत कोंबड्या धरून निम्म्या गल्लीतल्या बायका तिथंच उभ्या होत्या. पण कुणी हसलं नाही. तेव्हा कुठं माझं ओसरीकडे लक्ष गेलं. खाटेवर एक म्हातारा पाहुणा टोपी मांडीवर ठेवून बसला होता. त्याच्यापुढचा चहा गार होऊन वर साय आली होती. दाराला टेकून अक्कांची सून मंगल उभी होती. डोळे सुजलेले, पायाशी कपड्यांची पिशवी. तिचा नवरा गुरांना पाणी पाजायचं निमित्त काढून गोठ्यात दडला होता. असले नवरे मी पुष्कळ पाहिलेत.

पाहुणा म्हणजे मंगलचे वडील. पाचोऱ्याकडचे. सगळे त्यांना नाना म्हणत होते. अक्कांनी निरोप धाडून त्यांना बोलावलं होतं, पोरगी घेऊन जा म्हणून. दुपारच्या गाडीनं बापलेक निघणार होते.

"काय झालं काय?" मी विचारलं.

"रोज अंडा गायब व्हतस," अक्का मंगलकडे हात करून म्हणाल्या. "आम्ही बठ्ठा शेतमा जातस. घरमा हाई एकलीच ऱ्हास. दुसरं कोन खाई?"

"कोंबडीच खात असेल."

"म्हनीसनच मी अंडामा मिरची भरी! कोंबडीनी चोच मारी असती तर बोंबलत पळती. तेबी गयं. टरफलसुद्धा नही! मिरचीनं अंडं मानूसच खाई ना?"

आता यात अक्कांचा दोष तरी काय काढणार? अंडी खाणाऱ्या कोंबडीला मिरचीचं अंडं द्यावं म्हणजे तिची खोड मोडते, हा सल्ला आमच्या खात्यातलेच कितीतरी लोक छातीठोकपणे देत. खानदेशात तर मिरचीवर लोकांचा देवाइतका विश्वास. अक्कांनी तिची परीक्षा घेतली आणि निकालही लावला. मंगल चोर. आणि तो निकाल त्यांनी घरात नाही, ओट्यावर उभं राहून सगळ्या गल्लीला ऐकवला होता.

"मी नही खादं," मंगल म्हणाली. एवढंच. तिचा आवाजच बसला होता.

माझं डोकं फिरलं. कोंबड्याला लस टोचली, त्याला सोडला आणि म्हणालो, "अक्का, मिरचीपूड आणा. तुम्ही जी भरली होती तीच. आणि एक भाकरी."

भाकरी कुस्करली. तिच्यावर मूठभर तिखट टाकलं, पाणी शिंपडून कालवलं. लालभडक काला झाला. मलाच ठसका लागला. ते ताट अंगणात ठेवलं आणि खुराड्याचं दार उघडलं.

कोंबड्या आल्या आणि ताटावर तुटून पडल्या! एकमेकींना ढकलत, मान वर करत, मिटक्या मारल्यासारख्या खात सुटल्या. ताट चाटूनपुसून लख्ख. एकीनं तर माझ्या बोटांना लागलेलं तिखटही टिपून घेतलं.

"ओ माय!" काखेतली कोंबडी सोडून एक शेजारीण ओरडली, आणि मग गल्ली हसली.

मी त्यांना सांगितलं, पक्ष्यांच्या जिभेला मिरची झोंबतच नाही. पोपट हिरवी मिरची पेरूसारखी खातो, तो का? त्याला ती तिखट लागत नाही म्हणून. अक्कांच्या तिखटानं कोंबडीची खोड मोडली नाही, उलट तिला चटणीबरोबर जेवण मिळालं.

नाना पहिल्यांदाच खाटेवरून उठले. पण अक्का काही कच्च्या गुरूची चेली नव्हत्या.

"तिखट खातस हाई पटनं," त्या म्हणाल्या. "पन अंडं त्याच खातस, हाई कोठे पटनं?"

बरोबर होतं त्यांचं. वकील व्हायला हवी होती बाई. मी विचारलं, "आजचं एखादं अंडं आहे?" सकाळी त्यांनी कसंबसं एक वाचवलं होतं. ते मी हातात घेतलं आणि नुसतं दाबून पाहिलं, तर अंगठा आत! टरफल कसलं, कागद होता तो. अक्कांनी कपाळावर हात मारला.

मग खुराड्यात डोकं घातलं. दोन कोंबड्यांच्या जागेत सात-आठ कोंबड्या. खालचं गवत ओलं, चिकट. मुंगसानं एक कोंबडी नेली तेव्हापासून अक्का त्यांना दिवसभर कोंडून ठेवत होत्या. अंडी जायला लागल्यावर तर सुनेच्या भीतीनं दाराच्या फटीवर फळीही ठोकली होती. मोकळी कोंबडी उकिरडा उकरते, भिंतीचा जुना चुना टोचते, किडे खाते. त्यातून तिच्या अंड्याला टरफल मिळतं. कोंडली की टरफल पातळ होतं आणि गर्दीत अंडं पायाखाली फुटतं. एकीला चव लागते आणि मग बाकीच्या तिचं बघून शिकतात. कोंबड्यांत नकला फार. म्हणजे अक्का जितका पहारा वाढवत होत्या तितकी अंडी जास्त जात होती.

"शेजारचं एक अंडं आणा," मी म्हणालो.

माझ्या बॅगेत जेंशन व्हायोलेट होतं. जनावराच्या जखमेला लावायचं जांभळं औषध. अंगाला लागलं की आठवडाभर निघत नाही. अंड्याला बारीक भोक पाडलं, थेंबभर औषध आत सोडलं, अंडं हलवलं आणि भोक कणकेनं बुजवलं. सगळ्या कोंबड्या आत घातल्या, अंडं गवतावर ठेवलं आणि दार लावून घेतलं. सगळ्यांना लांब उभं केलं. नाना टोपी हातात पिळत होते. गाडीची वेळ होत आली होती आणि माझा बर्फही वितळत होता.

आतून आवाज आला. टक्. टक्. मग एकदम झटापट.

दार उघडलं. सगळ्यात आधी बाहेर आली ती राणी. अक्कांची लाडकी काळी कोंबडी. त्यांच्या माहेरच्या कोंबडीची लेक, त्यांच्या हातातून दाणे खाणारी. चोच, तुरा, गळा, सगळं जांभळं! तिच्यामागून आणखी दोघी, चोचीला जांभळे ठिपके लावून. आत टरफलाचा तुकडासुद्धा उरला नव्हता.

अक्का मटकन खालीच बसल्या. राणीला मांडीवर घेतलं, पदरानं तिची चोच पुसू लागल्या. "मनी राणी चोर?"

"चोर नाही हो," मी म्हणालो. "तिच्या अंगात चुना कमी पडलाय. मारू नका. दिवसा मोकळं सोडा. शिंपल्यांचा चुरा घाला, नाहीतर अंड्याची टरफलं भाजून, पार पीठ करून द्या. अंडी घालायला अंधाराची जागा करा आणि अंडं पडलं की लगेच उचला."

"भुकेली व्हती वं माय मनी," अक्का राणीला म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती.

मंगल हे सगळं बघत होती. ती हळूच पुढे आली.

"कोंबडीनी चोच पुसी, अक्का," ती म्हणाली. "माले गल्लीसमोर चोर म्हनात. आते गल्लीसमोरच सांगा."

"मंगल!" नाना घाबरून ओरडले. सासूला असं बोललेलं त्यांनी जन्मात ऐकलं नसेल. मला मात्र त्या पोरीचा असा अभिमान वाटला की काय सांगू. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मी थर्मास उघडून उगाच आत बघत राहिलो.

अक्कांनी राणीच्या पाठीवरून हात फिरवला. मग राणीला खाली सोडलं, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि ओट्यावर गेल्या. त्याच ओट्यावर.

"ऐका वं बायासवन," त्यांनी मोठ्यानं हाक दिली. "मनी सून चोर नही शे. मी चुकनू."

मंगलनं पदर तोंडाला लावला आणि ती रडली. पोटभर रडली. मग पिशवी उचलली.

"आते कोठे?" अक्कांनी विचारलं.

"माहेर. आठ दिन ऱ्हासू, मंग येसू. तुम्ही धाडी म्हनीसन नही. मी जास म्हनीसन."

अक्कांनी आत जाऊन नानांसाठी दुसरा चहा ठेवला. या वेळी नानांनी तो प्यायला. बापलेक गाडीला गेले आणि उरलेल्या बर्फावर मी पुढची गल्ली कशीबशी उरकली.

पुढच्या लशीच्या फेरीला त्या घरी गेलो तेव्हा कोंबड्या धरून द्यायला मंगलच पुढे होती. कोंबड्या अंगणात मोकळ्या, अंडी घट्ट टरफलाची. अक्कांच्या पदरावर जांभळा डाग होता. मी बघतोय हे पाहून त्या म्हणाल्या, "धोयं, घासं, जात नही."

त्यानंतर नोकरीत कितीतरी घरी "अंडी कमी मिळतात" ही तक्रार ऐकली. कोंबडी नंतर तपासायचो. आधी विचारायचो, घरात चोर कुणाला ठरवलंय?