इफराची उपाशी रोपं

जपानहून आल्यापासून इफराची मान दुखत होती. विमानात अवघडली म्हणावं, तर तसं नाही. हारांनी दुखत होती. महिना पुरा व्हायच्या आत सतरा सत्कार झाले. नववीतल्या पोरीच्या मानेनं सोसावं तरी किती! घरात शाली इतक्या साचल्या, की तिची अम्मी नूरबी म्हणाली, "आता कुणी उशी दिली तर बरं, पोरगी झोपेल तरी."

विज्ञान सहलीसाठी शाळेतून एकटी इफराच निवडली गेली होती. तिचे अब्बा बदरुद्दीन मोमीन जुन्नरच्या बाजारात फवारणीचे पंप दुरुस्त करतात. दुकानात पंप कमी आणि बसणारे जास्त. त्यामुळे पोरगी परत यायच्या आत बाजारानं तिला तिकडं बेडूक खायला घातले होते, नोकरीला लावली होती, आणि एकानं तर तिचं लग्नही जमवून टाकलं होतं. बिचारीनं दहा दिवस भात, अंडी आणि केळी यांवर काढले, हे सांगून कुणाला पटेना. एवढ्या लांब जाऊन केळी कोण खातं?

सत्कारांतही तेच. डिंगोऱ्याला एकानं विचारलं, विमानाची खिडकी उघडते का. पिंपळवंडीला झुंबरबाई नावाच्या एका बाईंनी हात धरून विचारलं, "तिथल्या बायका डोकं कशानं धुत्यात गं? केस लई सरळ असत्यात." तिथं शिकलीस काय, हे मात्र सतरा ठिकाणी कुणीही विचारलं नाही. एका परीनं बरंच झालं. जे शिकली, ते माईकवर सांगण्यासारखं नव्हतं.

झालं होतं असं. आपल्याकडं प्रयोगवही भरायची एक रीत आहे. आधी निष्कर्ष लिहायचा, मग त्याला शोभतील अशी निरीक्षणं, आणि वेळ उरलाच तर प्रयोग. इफरा त्याच रीतीत वाढलेली. तिथल्या प्रयोगशाळेत टोमॅटोच्या रोपांची उंची मोजायची होती. तिचं माप सगळ्यांपेक्षा वेगळं आलं. तिनं शेजारच्या मुलीच्या वहीत डोकावून आपला आकडा खोडला आणि तिचा लिहिला. शिकवणाऱ्या मोरिता मॅडम मागंच उभ्या होत्या. त्यांनी खोडरबर उचलून आपल्या खिशात टाकलं, तिला पेन दिलं आणि मोडक्या इंग्रजीत विचारलं, "हे तू पाहिलंस?" ओरडल्या नाहीत, काही नाही. एक थप्पड दिली असती तर विषय तिथंच मिटला असता. तो प्रश्न मात्र तिच्या सामानात बसून जुन्नरला आला.

सोबत कामही आलं. सहलीला आलेल्या नऊ देशांतल्या मुलांनी घरी टोमॅटोच्या रोपांचे दोन ट्रे लावायचे. एकातल्या रोपांना सगळं खत द्यायचं, दुसऱ्यातल्यांना नत्र अजिबात नाही. तीस दिवस रोज उंची आणि पानांचा रंग लिहायचा. सगळ्यांच्या नोंदी एकत्र होणार आणि त्यात एक पान जुन्नरचं असणार. इफराला त्या पानाचीच काय ती आस होती. सत्कार कितीही लांबला तरी ती धावत येऊन, शाल अंगावर तशीच ठेवून, पट्टी घेऊन अब्बांच्या दुकानाच्या ओट्यावर मांडलेल्या ट्रेंपुढं बसायची. बावीस दिवस तिनं एकही नोंद चुकवली नाही. दुसऱ्या ट्रेमधली रोपं छान पिवळी पडत आली होती.

तेविसाव्या दिवशी रविवार होता आणि सत्कार अवसरी बुद्रुकला. पाहुणे दोन तास उशिरा आले. उन्हात बसून, भाषणं ऐकून, नारळ घेऊन ती दुपारी परतली, तर पिवळ्या रोपांवरून थेंब निथळत होते. शेजारी पिंपळवंडीचे गेणभाऊ बशीतला चहा फुंकत होते आणि त्यांच्या पायाशी त्यांचा दुरुस्त झालेला पंप.

"आली का जपानी पाव्हणी!" गेणभाऊ खुशीत म्हणाले. "तुझ्या रोपांचं काम केलं बघ. लई पिवळी पडली व्हती. माझ्यानं बघवंना. पंप तपासायचाच व्हता, नुसतं पाणी उडवण्यापरीस म्हटलं नत्रवालं एकोणीस-एकोणीसचं खत मारावं. दोन दिसांत बघ पानांवर कशी हिरवी काळोखी येती!"

इफरा ओट्यावर बसली.

"गेणभाऊ, ती मुद्दाम उपाशी ठेवली होती."

"रोपं? मुद्दाम?" बशी हवेतच थांबली. "कशापायी?"

"उपाशी राहिल्यावर काय होतं, ते बघायला."

"आगं, मग मला इचारायचं! चाळीस वर्सं टमाट्यात गेली माझी. येवढ्यासाठी जपानला कशाला गेलीस?"

बदरुद्दीन कपाळाला हात लावून म्हणाले, "भाऊ, मी चहा सांगायला गेलो तेवढ्यात तुम्ही..."

"आता मला काय ठावं, राव? दारात उपाशी जीव दिसला, घातलं खायला!"



सोमवारी शाळेत तिनं विज्ञानाच्या सोपान सरांना सांगितलं. सर वाईट माणूस नव्हे. तिच्या सत्कारांसाठी खुर्च्या, माईक आणि पाहुणे जमवून त्यांचाही पिट्टा पडला होता. तिसाव्या दिवशी शाळेत मोठा कार्यक्रम होता आणि 'यशस्वी प्रयोग' असा फ्लेक्स छापून तयार होता.

"थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे," सर दमलेल्या आवाजात म्हणाले. "आधीच्या नोंदी बघ, त्याच चालीनं पुढं ने. रंग पिवळा लिही. तिकडून कोण बघायला येतंय?"

इफरालाही ते पटलं. दमलेल्या माणसाला सोपी वाट लवकर पटते. दुकानावर येऊन तिनं मॅडमनी दिलेलं पेन काढलं आणि आदल्या दिवसाच्या, तेविसाव्या रकान्यात लिहिलं, "रंग पिवळा." मग समोर पाहिलं. गेणभाऊंचा हात लागलेली रोपं शिरांकडून हिरवी व्हायला लागली होती, निलाजरी कुठली! हे तू पाहिलंस? तिनं त्या शब्दांवर एक सरळ रेघ ओढली आणि खाली लिहिलं, "गेणभाऊंनी खत फवारलं. प्रमाण मोजलेलं नाही." ते पान तिनं सरांच्या फोनवरून जपानला पाठवलं.

तिसाव्या दिवशी अठरावी शाल अंगावर पडल्यावर इफरा माईकपुढं गेली आणि 'यशस्वी' या शब्दाखाली उभी राहून म्हणाली, "प्रयोग बिघडला. पिंपळवंडीच्या गेणभाऊंनी रोपांना खत घातलं. मी तसं लिहून पाठवलंय." पाहुण्यांनी अध्यक्षांकडं पाहिलं, अध्यक्षांनी सरांकडं, सरांनी छताकडं. शेवटच्या रांगेतून एकट्या गेणभाऊंनी टाळ्या पिटल्या. माईकवरून त्यांचं नाव जन्मात पहिल्यांदाच निघालं होतं.

मोरिता मॅडमचं उत्तर चार दिवसांनी आलं. हे पान इतरांसोबत जोडता येणार नाही. जमल्यास पहिल्यापासून पुन्हा करावं, पुढच्या वर्षीच्या नोंदींत घेऊ. आणि गेणभाऊंनी खत किती ग्रॅम घातलं? शाबासकीचा एक शब्द नाही. इफरा रडली, मग तोंड धुऊन तिनं नवं बी टाकलं.

आता रोपांवर कोंबड्यांचं डालं उपडं घातलेलं असतं, म्हणजे उजेड येतो आणि माणूस येत नाही. डाल्यावर पुठ्ठा आहे: "औषध मारू नये. उपाशीच ठेवायची आहेत." गेणभाऊ ग्रॅम काही सांगू शकले नाहीत, चिमटीनं घालणारा माणूस तो. पण दुकानात येतात, चहा घेतात. फक्त स्टूल फिरवून रस्त्याकडं तोंड करून बसतात.

"माझ्यानं बघवत न्हाई, पोरी," परवा म्हणाले. "कितवा दिस?"

"अकरावा," इफरा म्हणाली, आणि वहीत तो आकडा लिहून तिथंच बाकावर, घडी केलेल्या शालीवर मान टेकून झोपी गेली.