व्याह्यांचा हीटर आणि माझं विरजण

आमच्या व्याह्यांइतका सावध माणूस अख्ख्या जर्मनीत नसेल, आणि इथं सावध माणसांचा काही तोटा आहे असं नव्हे! मी इथं लेकीकडे राहते, तिचे हे जर्मन सासरे. लुडविग्सहाफेनला रसायनांच्या कारखान्यात उभा जन्म गेला, तोही सुरक्षा खात्यात. निवृत्त झाले आणि ते खातं घरी घेऊन आले. शिडीवर चढायचं तर खाली बायकोला धरायला उभं करणार, आणि शिडी कसली, तर तीन पायऱ्यांची. मला मात्र लेकीनं शिकवल्याप्रमाणे ‘विहीणबाई’ म्हणतात, तेही इतक्या अदबीनं की मी उगाच पदर सारखा करते.

त्यांच्याकडे एक वोनवागन आहे, म्हणजे मोटारीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर. शरदात सगळ्यांनी त्यातून तळ्याकाठी जायचं ठरलं आणि मी बोलून गेले, “मला बाई थंडी सोसत नाही.” झालं! विजेचा हीटर निवडायला माणसानं पाच आठवडे लावले. गॅसचा नको, बंद जागेत धोका. उघड्या तारेचा नको, पडदा पेटेल. दुकानात गेलो तर तिथल्या माणसाला म्हणाले, “पाडून दाखवा.” तो बिचारा बघतच राहिला. मग यांनीच घड्याळ हातात धरून एकेक हीटर कलंडवून पाहिला, आडवा झाला की बंद पडतो का म्हणून. फार तापला तर आपोआप थांबणारा हवा, कॅम्पिंगच्या जागी गाडीला वीज देणारा खांब असतो, त्याला झेपेल एवढाच हवा. मी पुण्याला बहिणीला फोन करून त्यांच्या नकला करायचे. “अगं, मुलीचं स्थळ बघताना आपण इतकं पाहिलं नव्हतं!” हसून हसून आमची पोटं दुखायची. शेवटी एक ठेंगणा हीटर पसंत पडला. त्याचे नियम त्यांनी लेकीकडून मराठीत लिहून घेतले आणि कारखान्यातल्या रिवाजाप्रमाणे ‘वाचले, समजले’ म्हणून खाली माझी सही घेतली. पहिलाच नियम होता, हीटर झाकू नये.

तळ्याकाठी दुसऱ्या दिवशी मंडळी सकाळीच रानात फिरायला गेली. माझे गुडघे हे असे, मी मागे राहिले. नातवाला माझ्या हातचं दही लागतं, पण त्या गारठ्यात ते लागणार कसं? मी कोमट दुधाला विरजण लावलं, पातेलं हीटरवर ठेवलं आणि वरून माझी शाल गुंडाळली, हीटरसकट. दहीच तर लावतेय, त्यात कसला आलाय धोका! थोड्या वेळानं हीटर बंद. बटणं दाबून पाहिली, काही नाही. घाबरून शाल काढली आणि पातेलं पांघरुणात दडवलं.

मंडळी परतली तेव्हा आत नुसता बर्फ. “काय झालं?” व्याह्यांनी विचारलं.

“मी तर हातसुद्धा लावला नाही हो!”

त्यांनी प्लग काढून पुन्हा लावला, तर सुरू झाला. पण विनाकारण बंद पडणारी वस्तू त्यांच्या लेखी भरवशाची नाही. सगळ्यांसमोर उभे राहून म्हणाले, “आल्झो, तर मग माझी निवड चुकली. माफ करा, विहीणबाई.” मी पांघरूण पातेल्यावर आणखी ओढून घेतलं. आणि रात्री जेवताना तेच दही त्यांनी दोनदा मागून घेतलं.

हीटर दुकानात परत गेला आणि व्याही गप्प झाले. जावयानं किटली कुठली घेऊ म्हणून विचारलं, तर म्हणाले, “तुला आवडेल ती घे. मला आता त्यातलं कळत नाही.” लेक म्हणाली, “आई, एकदम म्हातारे झाले गं ते.” मी भाजी चिरत होते, तशीच चिरत राहिले. बहिणीला करून दाखवायला नक्कलही उरली नाही.

दीड वर्ष मी असं काढलं. परवा मात्र उठले, त्यांच्या घरी गेले आणि मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सगळं सांगून टाकलं, शाल, पातेलं, खोटं बोलले तेही. रागावले असते तर बरं झालं असतं. ते पुढे वाकले.

“किती मिनिटांनी बंद झाला?”

“घड्याळ नाही हो पाहिलं.”

“आणि शाल? जळली?”

“साधा डागही नाही.”

“गेनाऊ! अगदी बरोबर!” असं ओरडून ते उठले आणि बायकोला हाका मारत स्वयंपाकघरात गेले. तिथून आवाज येत होता, परीक्षेत पास झालेल्या पोरासारखा, “अगं, बिघडला नव्हता तो! बरोबर वेळेवर थांबला होता!”

मी बाहेर एकटी, मान खाली घालून बसले. एवढं एकच वाक्य तर द्यायचं होतं त्यांना. दीड वर्ष ते माझ्याजवळ पडून होतं. द्यायला माझं काय जात होतं, सांगा!